ट्रस रॉड फिरतोय, म्हणून नेक चांगली? जुन्या बेस गिटारबद्दलचा एक अर्धवट सल्ला

जुना बेस घ्यायला निघालेल्याला हा सल्ला हमखास मिळतो: नेक (तारांखालचा लांब दांडा) थोडी वाकलेली असली तरी घाबरायचं कारण नाही, ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) पाव फेरा आवळला की ॲक्शन (नेकवरच्या आडव्या पट्ट्यांपासून, म्हणजे फ्रेटांपासून, तारांची उंची) उतरते, बझ (तार फ्रेटला लागून होणारी खरखर) जातो, रॉड फिरतोय ना, मग नेक ठणठणीत आहे. कुठलाही बाक रॉडने निघतो, घट्ट असेल तर जोर लावा, आणि बोल्टने बसवलेली नेक आहे, नाहीतर बदलू. एवढ्याशा सल्ल्यात चार-पाच दावे कोंबलेले आहेत. एकेक सोडवून पाहू.

‘रॉड आवळला की ॲक्शन उतरते.’ उतरते, पण थोडीच, आणि रॉडचं ते कामच नाही. ३४ इंची स्केलच्या (तारेच्या वाजणाऱ्या लांबीच्या) चार तारांच्या बेसवर तारा सुरात आल्या की नेकवर एकूण साधारण ७० ते ८० किलोंचा ताण येतो आणि नेक तारांच्या बाजूला वाकते. रॉड तिला उलट दिशेने ओढतो. नेकला मधोमध जो हलका खोलगटपणा उरतो तो रिलीफ, आणि रॉडने लावायचा असतो तो फक्त हा रिलीफ. तो पाव मिलिमीटर घटवला तर बाराव्या फ्रेटवर तार पाव ते अर्धा मिलिमीटर खाली येईल. ॲक्शन ४ मिमी असेल तर एवढ्याने काय होणार?

म्हणून आधी मोजा. बेस सुरात लावा, वाजवताना धरतो तसा धरा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, नेक बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर जाड ई तार दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार व फ्रेट यांच्यामध्ये फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. ०.२५ ते ०.३५ मिमी आलं तर रिलीफ बरोबर आहे, ९.५ ते १२ इंच रेडियसच्या (नेकच्या वरच्या बाजूच्या गोलाईच्या) बेससाठी फेंडर कंपनीचं स्वतःचं माप ०.०१२ इंच, म्हणजे ०.३ मिमी आहे. रिलीफ बरोबर असूनही तारा उंच असतील तर रॉडला हात लावू नका, सॅडल (बॉडीवरच्या ब्रिजचे तारा टेकवणारे टेकू) उतरवा. सॅडल तळाला टेकले असतील तर दोष नेकच्या कोनात आहे. पॉकेटच्या (बॉडीत नेक बसते त्या खाचेच्या) ब्रिजकडच्या टोकाला अर्ध्या मिलिमीटरची शिम (पातळ पट्टी) घातली की ब्रिजपाशी साधारण २ मिमी जागा मिळते.

हे सोडून रॉड आवळत गेलात तर नेक मागे वाकते आणि पहिल्या ते पाचव्या फ्रेटवर बझ सुरू होतो. तो घालवायला सॅडल वर, मग ॲक्शन उंच झाली म्हणून पुन्हा रॉड. बरेच जुने बेस नेमके याच अवस्थेत विकायला येतात.

‘रॉड फिरतो म्हणजे तो चालतो.’ तुटलेला रॉडही फिरतो, रॉडच्या टोकाचा आटे गेलेला नटही फिरतो. पाहायचं ते फिरवल्यावर नेक हलते का. विकणाऱ्याची परवानगी घेऊन आधी पाव फेरा सैल करा, रिलीफ मोजा. मग पूर्वीच्या जागी आणून अष्टमांश फेरा आवळा आणि पुन्हा मोजा. फीलर गेजवर काहीच फरक नाही आणि हाताला अडही लागत नाही, तर रॉड गेलेला आहे. उलट नट शेवटपर्यंत आवळलेला आणि तरी रिलीफ ०.६ मिमी असेल तर रॉडची चाल संपली आहे. नटमागे एखाद-दोन वॉशर घालून आटे थोडे वाढवता येतात, पण नटमागचं लाकूड दबलेलं असेल तर तो उपाय टिकेलच असं नाही.

तिसरी शक्यता फार जणांच्या लक्षात येत नाही. एकाच दिशेने काम करणारा रॉड पूर्ण सैल आहे, तारा सुरात आहेत आणि तरीही नेक मागे वाकलेली आहे. आता सैल करायला काही उरलेलंच नाही. जाड तारा लावून थोडं पुढे येईल, बाकी नाही. दुहेरी (दोन्ही दिशांना काम करणारा) रॉड असेल तर उलट्या दिशेने फिरवून नेक पुढे आणता येते, म्हणून रॉड कोणत्या प्रकारचा आहे ते आधी विचारा.

जुन्या धाटणीच्या फेंडरवर हा नट नेकच्या हीलला (बॉडीत बसणाऱ्या टोकाला) असतो, आणि पुष्कळदा नेक काढल्याशिवाय नीट फिरवता येत नाही. निदान त्याची फुलीची खाच तरी पाहा. कडा चघळल्यासारख्या दिसल्या तर कोणीतरी बराच जोर लावून गेलंय.

‘कुठलाही बाक रॉडने निघतो.’ सगळ्यात महागात पडणारा दावा हाच. रॉडचा परिणाम मुख्यतः पहिल्या ते बाराव्या फ्रेटच्या पट्ट्यात दिसतो. बॉडीवरचे शेवटचे पाच-सहा फ्रेट वर उचलले गेले असतील तर तिथे रॉड पोचतच नाही. ओळखायचं असं: रॉडने रिलीफ जवळजवळ शून्यावर आणा आणि सरळ पट्टी फ्रेटांवर ठेवा. खालच्या फ्रेटांवर ती नीट बसते पण चौदाव्याच्या पुढे डुगडुगते, तर शेपूट उचललेलं आहे. वाजवताना खालचे स्वर स्वच्छ येतात, ॲक्शन जरा उतरवली की बाराव्याच्या वरचे घुसमटतात. उचल थोडी असेल तर तेवढे फ्रेट घासून, पुन्हा गोलाई देऊन काम भागतं. जास्त असेल तर फ्रेट उपटून, फ्रेटबोर्ड (फ्रेट बसवलेली नेकवरची लाकडी पट्टी) रंधून, नवे फ्रेट बसवावे लागतात, आणि ती मजुरी कित्येकदा बेसच्याच किमतीच्या आसपास जाते. शिमने सगळ्या नेकचा कोन बदलतो, उचललेलं शेपूट तसंच राहतं.

नेकच्या पिळाचंही तसंच. रॉड मधोमध एकच, तो एक बाजू सोडून दुसरी ओढू शकत नाही. जाड ई आणि बारीक जी तारांखालचा रिलीफ वेगवेगळा मोजा. ई खाली ०.४ आणि जी खाली ०.३ असेल तर बेस खुशाल घ्या. जाड तार जास्त हेलकावते, तिला तेवढी जागा सोयीचीच. उलटं असेल, किंवा ब्रिजकडून पाहताना वरचा नट (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी, रॉडचा नट नव्हे) आणि शेवटचा फ्रेट उघड्या डोळ्यांना तिरपे दिसत असतील, तर सोडून द्या.

‘घट्ट असेल तर जोर लावा.’ नको. तारा सैल करा, हेडस्टॉक (नेकचं खुंट्यांचं टोक) हलक्या हाताने मागे दाबा, नट आधी थोडा सोडा, आट्यांना तेलाचा थेंब द्या आणि मग आवळा. ॲलन की नेमक्या मापाची हवी: ३/१६ इंच म्हणजे ४.७६ मिमी, तिथे ५ ची आत जात नाही आणि ४.५ ची कोपरे खाते. पाव फेऱ्यानंतर थांबा, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. लाकूड सावकाश बसतं. रिकेनबॅकर ४००१ या बेसच्या जुन्या नमुन्यांत तर दुमडलेल्या पट्टीचे दोन रॉड असतात. तिथे नेक हाताने दाबून हव्या जागी आणायची आणि मग नट आवळून तिला धरायचं. नटच्या जोरावर नेक वळवायला गेलात तर फ्रेटबोर्ड सुटून वर येऊ शकतो.

‘बोल्टची नेक आहे, नाहीतर बदलू.’ बदला, पण आधी पॉकेट मोजा. फेंडरच्या मापाची हील ६३.५ मिमी रुंद असते. दुसऱ्या कंपनीच्या बेसचं पॉकेट त्याहून एखाद मिलिमीटर अरुंद असलं तरी नवी नेक आत जाणार नाही. स्क्रूची भोकं जुळतीलच असं नाही, ती बुजवून पुन्हा पाडावी लागतात. आणि नेक निकामीच असेल तर नव्या नेकची किंमत सौदा करतानाच वजा करून बोला.