पाइक फुकट नाही, आणि कालवाही बेवारस नाही

मंगळवारी रात्री साडेअकराला भाच्याचा मेसेज आला : ‘मामा, शनिवारी पाइक घेऊन येतो. मामीला विचार, तिरफळं आहेत का घरात.’ पाइक म्हणजे इथल्या गोड्या पाण्यातला लांब, दातेरी शिकारी मासा. मेसेजच्या खाली सध्या फिरणारा एक फॉरवर्ड. मी तो आधी तीन गटांत पाहिला होता आणि तिन्ही वेळा सोडून दिला होता. थंडीत लोक घरात कोंडले की असलं काहीतरी फिरतंच. पण भाचा सप्टेंबरात कोव्हेंट्रीला शिकायला आलाय, इथला हा त्याचा पहिलाच हिवाळा, आणि त्याने रूममेट्सबरोबर वर्गणी काढून रॉड आणि नऊ इंचाचा ल्यूअरसुद्धा (म्हणजे माशाला फसवणारं खोटं आमिष) मागवला आहे. तेव्हा आता गप्प बसण्यात अर्थ नाही.

ज्यांच्यापर्यंत तो पोचला नसेल त्यांच्यासाठी त्याचा मजकूर थोडक्यात असा. इंग्लंडमधल्या मराठी बांधवांनो, हिवाळ्यात इथल्या कालव्यांत पर्च (एक छोटा पट्टेरी मासा) आणि पाइक फुकट मिळतात. कालवा सरकारी आहे, लायसन्स लागतं ते फक्त सामन आणि ट्राउटला. कायद्यानेच रोज एक पाइक घरी नेता येतो. थंडीत मासे झोपेत असतात, मोठ्ठा ल्यूअर तोंडासमोरून जोरात ओढायचा, बस्स. वायर (दोऱ्याच्या टोकाला, गळाच्या आधी लावायची तार) लावू नका, ती माशाला दिसते. पाइक हा दुष्ट मासा, बदकाची पिल्लं खातो, तो मारलात तर मासेमारीचे क्लबवाले उलट आभार मानतात. पाणी कमरेएवढंच, भीती नको. आणि चवीला अगदी सुरमई!

‘रोज एक पाइक’ आधी घेतो. यात चिमूटभर खरं आहे आणि भाचा त्या चिमटीलाच भुलला. एन्व्हायर्नमेंट एजन्सी या सरकारी संस्थेचे मासेमारीचे इंग्लंडसाठीचे नियम सरकारच्या संकेतस्थळावर सगळ्यांना वाचता येतात, पाच मिनिटांचं काम आहे. त्यात दिवसाला एक पाइक, तोही ६५ सेंटिमीटरपर्यंतचाच, नेता येतो असं लिहिलं आहे. वीस सेंटिमीटरपर्यंतचे पंधरा लहान मासे नेता येतात, त्यात पर्चही येतो. इथपर्यंत बरोबर. पण हे सगळं नद्यांसाठी आहे. कालवे आणि तळी यांच्यासाठी नियम वेगळा : तिथे मासेमारीचा हक्क ज्याच्याकडे आहे त्याची लेखी परवानगी असल्याशिवाय एकही मासा न्यायचा नाही. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने नदीची ओळ वाचली आणि कालव्याची गिळली. नियम उचलायचा नदीचा, आणि गरी टाकायची कालव्यात!

मग कालव्यातला हक्क कुणाचा? इंग्लंड-वेल्समधले बहुतेक कालवे, नद्यांचे काही भाग धरून सुमारे दोन हजार मैल, २०१२पासून कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट सांभाळतो. त्याआधी ते ब्रिटिश वॉटरवेजकडे होते. ट्रस्ट मासेमारीचे बरेचसे टप्पे स्थानिक क्लबांना भाड्याने देतो आणि काही स्वतःच्या परवान्यावर खुले ठेवतो. क्लबांचा नियम सहसा एका ओळीचा असतो : जे पकडाल ते परत सोडा. आपल्याकडे धरणाच्या जलाशयात मासेमारीचा ठेका एखाद्या मच्छीमार सोसायटीकडे असतो की नाही? तिथे कुणी बादली घेऊन उतरला तर सोसायटीवाले त्याला चहा पाजतात का? इथे १९६८च्या चोरीच्या कायद्यात माशांसाठी वेगळी तरतूद आहे. पाण्यातला मासा कुणाचा नसेल, पण तिथे मासा मारायचा हक्क कुणाचा तरी असतो, आणि तो डावलला की गुन्हा होतो.

लायसन्सचं तर सरळच आहे. तेरा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही गोड्या पाण्यात गरवायचं असेल तर ते लागतं. सामन, ट्राउटला लागतं आणि पर्च, पाइकलाही लागतं. तेरा ते सोळा वयाच्या मुलांना ते फुकट मिळतं, पण घ्यावं लागतं. नसेल तर दंड अडीच हजार पौंडांपर्यंत जाऊ शकतो. वर्षाचं लायसन्स चौघांच्या एका टेकअवेच्या पैशांत येतं. त्यावर क्लबचं तिकीट वेगळं. भाच्या, तुझा तो ल्यूअर लायसन्सच्या निम्म्या किमतीचा आहे, हे मी तुझ्या आईला सांगणार नाही.

एक जरा कडू गोष्ट इथेच सांगतो. ‘बाहेरून आलेले लोक मासे उचलून नेतात’ अशी कुजबुज इथल्या काठांवर कित्येक वर्षं चालू आहे. तिचा रोख बहुतेक वेळा पूर्व युरोपातून आलेल्यांकडे असतो आणि पुष्कळदा ती अन्यायाची असते. अँगलिंग ट्रस्ट या गरवणाऱ्यांच्या संस्थेने त्यासाठी ‘बिल्डिंग ब्रिजेस’ नावाचा उपक्रम चालवला, अनेक भाषांत फलक लावले. त्या फलकांवर पुढची भाषा मराठी असावी, अशी या फॉरवर्डकर्त्याची इच्छा दिसते.

आता तो ‘दुष्ट मासा’. हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. म्हणे बदकाची पिल्लं खातो. कधीतरी खातो, मान्य. पण बाबा, हिवाळ्यात बदकाची पिल्लं आणलीस कुठून? थंडीत तो रोच नावाचे छोटे मासे खातो, लहान पर्च खातो, आणि मुख्य म्हणजे त्याच्याहून लहान पाइक खातो. मोठा पाइक हाच लहान पाइकांवरचा पहारा असतो. लेक डिस्ट्रिक्टमधल्या विंडरमिअर तळ्यात १९४४पासून जाळी लावून मोठे पाइक काढायला सुरुवात झाली. मोठे कमी झाले आणि लहान पाइक वाढले. म्हणजे ‘पाइक कमी करा’ म्हणून मोठा मारायचा, आणि त्याच्या जागी हातभर लांबीच्या पाइकांची टोळी बसवून घ्यायची. आणखी एक. मोठे पाइक जवळजवळ सगळे माद्याच असतात. त्या वसंताच्या सुरुवातीला अंडी घालतात, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत त्यांच्या पोटात गाभोळी भरलेली असते. नेमक्या त्याच दिवसांत हा फॉरवर्ड फिरतोय. गाभोळीची मासळी हातात आली की आपल्याकडे काय होतं ते मला माहीत आहे, मी गुहागरचा आहे. पण हा अरबी समुद्र नव्हे. हा तीस-चाळीस फूट रुंदीचा चर आहे, त्यात एका मैलाच्या टप्प्यात मोठे पाइक किती असणार?

आणि जो मासा दिसायला इतका राक्षस, तो हातात मात्र फार नाजूक. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत माझ्या टप्प्यावर, पुलाखाली, मला एक पाइक लागला. मऊ, ताकद नसलेला. तोंड उघडलं तर घशात आधीच एक तिहेरी गळ रुतलेला, आणि त्याला जाड नायलॉनचा वीतभर तुकडा, टोकाला दातांनी कातरल्यासारखा. कुणीतरी वायर न लावता गरवलं होतं, माशाने दोरा तोडला, आणि गरवणाऱ्याने ‘मोठा होता रे, सुटला’ म्हणून गोष्ट सांगितली असणार. लांब चिमट्याने गळ काढायला मला जी काही मिनिटं लागली ती अजून आठवतात. सोडल्यावर तो काठाशीच उभा राहिला, कल्ले हलवत, आणि मग गढूळ पाण्यात गेला. जगला का, कुणास ठाऊक.

म्हणून ‘वायर लावू नका’ हा मला त्या फॉरवर्डमधला सगळ्यात घातक सल्ला वाटतो. कालव्यात पर्चसाठी टाकलेल्या बोटभर रबरी आमिषाला पाइक कधीही येतो, तो विचारून येत नाही. पुढे वीतभर मऊ, बारीक वायर असेल तर गळ तुमच्याबरोबर परत येतो. वायरमुळे पर्च कमी लागतात हे थोडं खरं आहे, विशेषतः पाणी नितळ असेल तेव्हा. लागू देत कमी. ज्या कालव्यात पाइक आहे तिथे त्या दोन पर्चवर पाणी सोडायचं. गळाची उलटी अणी, म्हणजे बार्ब, पकडीने दाबून टाकायची. मासा गवतावर किंवा टोपाथच्या, म्हणजे काठच्या पायवाटेच्या, खडीवर टाकायचा नाही, ओल्या चटईवर ठेवायचा. कल्ल्याच्या झाकणाखालून, कल्ल्यांना धक्का न लावता, हनुवटीच्या हाडाला धरायचं. डोळ्यांच्या खोबणीत बोटं घालून उचलणारे पूर्वी होते म्हणतात. ज्याला ते करावंसं वाटतं त्याने घरी बसावं.

‘मासे झोपेत असतात’ हे अर्धं खरं, नाइलाजाने मान्य. मासा थंड रक्ताचा, पाणी गारठलं की त्याचं सगळं मंदावतं. भूक कमी होते, धावाधाव परवडत नाही. पण झोपत नाही. तो फक्त लांब जाऊन खात नाही. म्हणून ‘मोठ्ठा ल्यूअर जोरात ओढा’ हे बरोब्बर उलटं आहे. दोन-तीन इंचांचं रबरी आमिष, तीन ते पाच ग्रॅमचं धातूचं डोकं, तळाला टेकवायचं, वीतभर उचलायचं, खाली पडू द्यायचं, आणि मग काही करायचं नाही. हे ‘काही न करणं’ भाच्याच्या पिढीला सगळ्यात अवघड जाणार. पर्चचा चावा बहुतेक वेळा आमिष थांबलेलं असतानाच येतो, दोऱ्यावर टिचकी मारल्यासारखा. हिवाळ्यात बोटी कमी चालतात, ट्रस्टची दुरुस्तीची कामंही याच दिवसांत निघतात, त्यामुळे तळचा चिखल बसतो आणि पाणी उन्हाळ्यापेक्षा स्वच्छ होतं. मासे घोळक्याने राहतात : पुलाखाली, नांगरलेल्या बोटींच्या कडेला, बोटी वळवायला रुंद केलेल्या जागांत, लॉकच्या (बोटी वरखाली करायच्या दरवाजांच्या) आसपास. पलीकडच्या काठापर्यंत फेकण्याची हौस असते सगळ्यांना. पण अलीकडे, तुमच्या पायांपासून पाच-सहा फुटांवर, जिथे काठची उथळ कड संपून बोटींच्या मार्गाचा उतार लागतो, तिथे काठाला समांतर टाका. अर्धा मैल चाला. एकाच पुलाखाली चार तास बसून ‘झोपलेत’ म्हणणारे मी रोज बघतो. दुपारी तीननंतर, अंधार पडायच्या आधीच्या तासात, बऱ्याचदा अचानक सुरू होतं. पट्टेरी अंग, लालभडक पर, पाठीवर काटेरी शीड : थंडीने बोटं बधिर झालेली असतात तेव्हा पर्च हातात घेतला की पहिल्यांदा तो काटाच भेटतो.

उरलेलं पटकन. खोली : बहुतेक अरुंद कालवे फार खोल नाहीत, हे खरं. पण लॉक तसे नाहीत, आणि गार पाण्यात पडल्यावर पहिला धोका खोलीचा नसतो, श्वासाचा असतो. दचकून श्वास आत ओढला जातो, आणि त्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर पोहता येणारेही संपतात. समुद्रावर लोकांना वाचवणारी आरएनएलआय हेच सांगते की आधी पाठीवर तरंगा, श्वास ताब्यात येऊ दे, मग हातपाय हलवा. एकटं जायचं नाही, काठावरच्या बर्फाळ दगडी कडेवर तर नाहीच. उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टो कालव्याकाठीही असतो, तेव्हा हात धुतल्याशिवाय वडापाव खाऊ नका. १५ मार्चनंतर सगळं बंद, हेही त्या फॉरवर्डमध्ये कुठेतरी आहे. १५ मार्च ते १५ जूनची बंदी नद्यांवर आहे, बहुतेक कालव्यांवर ती नाही.

आणि सुरमई! मी पाइक खाल्ला आहे, रीतसर विकत घेतलेला. मांस पांढरं, चव वाईट नाही. पण त्याच्या मांसात दुभंगलेल्या काट्यांची एक रांग आडवी बसलेली असते, ती तुकडी पाडून जात नाही. फ्रान्समध्ये लियॉनला त्याचं मांस वाटून, चाळून, त्याचे केनेल, म्हणजे मऊ उकडलेले गोळे, करतात. इतकी उस्तवार कशासाठी करावी लागते हे पहिल्या घासाला कळतं. शहरातून गेलेल्या कालव्यातला मासा आमच्या तव्यावर तसाही येणार नाही.

भाच्याला फोनवर हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘मामा, मग त्या नऊ इंचाच्या ल्यूअरचं काय करू?’ परत पाठव म्हटलं, पावती ठेवली आहेस ना. शनिवारी साडेबाराला त्याला स्टेशनवरून घेणार आहे. लायसन्स त्याने फोनवरच काढलं, दिवसाचं तिकीट मी घेतलंय, चटई आणि चिमटा माझ्याकडे आहे. तिरफळं घरात आहेत, आणि हिने बांगडे सांगून ठेवले आहेत.