गाडी घरी खोलायची की गॅरेजला न्यायची: नाशिकच्या त्रिमूर्ती चौकातला रविवारचा राडा

पिंट्याने आल्या आल्या जाहीर केलं की आता पल्सरचं सगळं काम मी घरीच करणार, सॉकेट सेट आणलाय, एल-की आणल्यात, पुढच्या महिन्यात सायलेन्सर बदलणार, मागचा टायर जाड टाकणार, हेडलाइटला जबरी बल्ब, आणि त्याचं संपायच्या आत मास्तर बोलला, "पहिले ती चेन बघ. मिसळीची तर्री ओतल्यासारखी लाल झालीय."

झालं. तिथून जे सुरू झालं ते टपरीवाल्याने स्टूल उचलेपर्यंत.

मास्तरचं म्हणणं सरळ होतं, आपला धंदा नाही त्यात हात घालू नये, गॅरेजवाल्याचे पोरं रोज दहा गाड्या खोलतात, तू वर्षातून दोनदा खोलणार, तुझा हात कसा बसणार. मास्तरची स्प्लेंडर आहे आणि तिला काही होत नाही, म्हणून हा माणूस इतक्या शांतपणे बोलू शकतो हे माझं मत. वकील (हा खरा वकील आहे, आम्ही चिडवायला म्हणत नाही) लगेच उलटा, म्हणे गॅरेजवाला काय टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराइतकंच आवळणारा पाना) वापरतो का रे, ऑइलचा बोल्ट हवेच्या गनने टाईट करतात, मी डोळ्याने बघितलंय.

इथे फिटर काका जागे झाले. काका अंबडच्या एका कंपनीत टूल रूमला होते, रिटायर झाले तरी बोल्ट म्हटलं की मान वर होते. "तेच तर," काका म्हणाले, "इंजिनचं बॉडी ॲल्युमिनियमचं, बोल्ट स्टीलचा. जास्त आवळला तर कोण हरणार? बोल्ट नाही हरत. आटे जातात केसिंगचे." आणि एकदा आटे गेले की मग हेलिकॉइल (नव्या आट्यांची स्प्रिंगसारखी तार) बसवा, नाहीतर केसिंग बदला, दोनशे रुपयाच्या कामाचे दोन हजार. पाना लांब असला की जोर कळत नाही, म्हणून ड्रेन बोल्टला (जुनं ऑइल काढायचा बोल्ट) आखूड रिंग पाना घ्यायचा, बोल्ट आधी हाताने पूर्ण फिरवून बसवायचा, हाताने जात नसेल तर तिरका लागलाय, काढायचा. आणि वायसर दर वेळी नवा. हे दहा रुपयांचं वायसर वाचवायला जातात आणि मग ऑइल गळतंय म्हणून बोल्ट अजून आवळतात, अजून आवळतात, आणि मग आटे.

मास्तर म्हणाला बघा, हेच मी म्हणतोय, यालाच घाबरून मी गॅरेजला देतो. काका म्हणाले, "अरे पण तिथे तरी तू उभा असतोस का?" मास्तर गप्प. तो गाडी देऊन शाळेत जातो हे सगळ्यांना माहितीय.

ऑइलवरून अजून एक फाटा फुटला. पिंट्याच्या मेव्हण्याकडे कारच्या ऑइलचा अर्धा डबा उरलाय, चांगल्या कंपनीचं आहे, तेच टाकतो म्हणाला. काकांनी कपाळावर हात मारला. आपल्या बहुतेक मोटरसायकलींचा क्लच ऑइलमध्येच भिजलेला असतो, इंजिन, गिअर, क्लच सगळ्यांना एकच ऑइल. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करायची द्रव्यं टाकलेली असतात, मायलेजसाठी, कारला ती चालतात कारण तिचा क्लच बाहेर कोरडा असतो. ते बाईकमध्ये ओतलं की क्लच प्लेट घसरायला लागतात, रेस वाढते आणि गाडी पळत नाही. डब्यावर जासो एमए किंवा एमए टू (ऑइलमध्ये भिजणाऱ्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं बघायचं आणि ग्रेड मॅन्युअलमध्ये दिलाय तोच. मॅन्युअल कुठेय विचारलं तर पिंट्या म्हणे आरसीसोबत असेल कुठेतरी. हिरो होंडाची जुनी जाहिरात होती ना, पेट्रोल भरा, झाकण लावा, विसरून जा, लोकांनी ती इतकी मनावर घेतली की पेट्रोलसोबत ऑइलपण विसरून टाकलं.

मग चेनवर आलो, कारण मास्तर सोडत नव्हता. इथे मात्र सगळ्यांचं एकमत, चेन घरीच करायची, गॅरेजला चेनला वेळ कोणी देत नाही, वरून ऑइल फवारतात आणि झालं म्हणतात. काकांनी खाली बसून पिंट्याच्याच गाडीवर दाखवलं. मेन स्टँडवर घ्यायची, न्यूट्रल, इंजिन बंद, चाक हाताने फिरवायचं. "गिअर टाकून चालू गाडीवर चेन पुसतात ना व्हिडिओत, त्यातल्या काहींना आता मोजायला दहा बोटं नाहीत." रॉकेल, नाहीतर डिझेल, जुना ब्रश, मळ सुटला की कोरड्या फडक्याने पुसायची, आणि मग नव्वद नंबरचं गिअर ऑइल चेनच्या खालच्या पट्टीच्या आतल्या बाजूने, म्हणजे चाक फिरलं की ते बाहेर झिरपत येतं, आणि वरचं जास्तीचं पुसून टाकायचं नाहीतर धूळ धरते. ओ-रिंगवाली (सांध्यांत रबरी रिंगा असलेली) चेन असेल तर पेट्रोलला हात लावायचा नाही, रबर फुगतं.

ताण मोजायची गंमत वेगळीच. खालच्या पट्टीच्या मध्यावर बोटाने वर-खाली, साधारण दोन ते तीन सेंटीमीटर हलली पाहिजे, नेमका आकडा गाडीच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये. पण एकाच जागी मोजून उठायचं नाही. काकांनी चाक थोडं थोडं फिरवत चार ठिकाणी बोट लावलं, तीन ठिकाणी चेन लोंबत होती आणि एका ठिकाणी कडक. चेन सारखी झिजत नाही, म्हणून सगळ्यात कडक जागेवर ताण ठरवायचा, ढिल्या जागेवर ठरवून आवळली तर दोघं बसून खड्ड्यात गेल्यावर ती गिअरबॉक्सच्या बेअरिंगलाच ओढते. आणि हे कोणी सांगत नाही, चाक मागे सरकवलं की मागच्या ड्रम ब्रेकच्या रॉडचा प्लेपण बदलतो, तो परत लावून घ्यायचा, नाहीतर पायाखाली ब्रेक कधी लागतोय तेच कळत नाही.

आता खरा वाद. मी काकांना विचारलं, मग घरी काय करायचं आणि काय नाही, रेषा कुठे? काका म्हणाले, काम हातात घ्यायच्या आधी एकच विचार कर, हे चुकलं तर गाडी मला आधी सांगेल का. चेन सांगते, खडखडते. प्लग सांगतो, गाडी झटके मारते. टॅपेट (इंजिनच्या व्हॉल्व्हचा गॅप) ढिलं राहिलं तर टकटक करतं. एअर फिल्टर तुंबला तर पिकअप जातो. अशी कामं बिनधास्त घरी.

वकील ऐकतो होय. "काका, ऑइलचा बोल्ट ढिला राहिला तर तो काय सांगणारे? नांदुरीच्या घाटात वळणावर मागच्या टायरवर ऑइल आलं की सांगायला पण कोणी उरणार नाही." मला वाटलं काका अडकले. काका म्हणाले, "म्हणून ऑइल बदलल्यावर रात्रभर गाडीखाली पुठ्ठा ठेवायचा. सकाळी थेंब दिसला तर गाडी बोलली." हे मला पटलं, आणि माझ्या मते काकांचा नियम इथे जरा दुरुस्त झाला, गाडी आपणहून सांगेल याची वाट नाही बघायची, रस्त्यावर काढायच्या आधी तिला विचारायची काही सोय आहे का ते बघायचं. सोय असेल तर घरी करा.

आणि ब्रेकच्या ऑइलला ती सोय नाही. डॉट थ्री, डॉट फोर ही ऑइलं हवेतला ओलावा ओढून घेतात, आणि पाणी मिसळलं की उकळायचा पॉइंट खाली येतो. पार्किंगमध्ये लिव्हर दाबलात, मस्त कडक लागेल. गंगापूर रोडला पण काही होणार नाही. पण सप्तशृंगी गडावरून खाली नांदुरीपर्यंत ब्रेक धरून उतरलात, कॅलिपर (डिस्कला चिमटीत धरणारा भाग) तापला, आत वाफ झाली, की तीच लिव्हर थेट हँडलला जाऊन टेकते. वाफ दबते, ऑइल दबत नाही, एवढाच प्रकार. मास्तर जिंकल्यासारखा हसला, म्हणजे गॅरेज! काका म्हणाले, "हो, पण तिथल्या रॅकवर सहा महिने उघडी पडलेली बाटली ओतणार असतील तर तू घरी केलेलं काय वाईट?" म्हणजे ब्रेक गॅरेजला, पण बाटली समोर फोडून घ्यायची, आणि काम होईपर्यंत तिथून हलायचं नाही. शाळेला उशीर झाला तरी चालेल, हे मी मुद्दाम जोडलं.

पिंट्याचे अपग्रेड मग एकेक करून पडले. बल्ब: त्याच्या गाडीला पस्तीस-पस्तीस वॉटचा, याला टाकायचा होता कारवाला साठ-पंचावन्नचा. वायरिंग, होल्डर, स्विच सगळं पस्तीसच्या हिशोबाने, ते तापतं आणि हळूहळू वितळतं, आधी पिवळं पडतं मग प्लास्टिकचा वास येतो. चार्जिंग पण तेवढं नसतं. आधी रिफ्लेक्टर बघ, काच घास, हेडलाइटचा अँगल नीट लाव, निम्मा उजेड तिथेच परत मिळतो. टायर: रिम तेवढाच ठेवून टायर जाड घेतला तर तो चिमटला जातो, वळताना गाडी जड लागते, मायलेज जातं, आणि चेनला घासला तर वेगळीच मजा.

सायलेन्सरवर वकिलाने केस चालवली. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२, कंपनीने दिलेल्या मूळ नोंदीच्या विरोधात गाडीत बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १८२अ नव्याने लिहिलं, त्यात मालकाने असा बदल केला तर दर बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पिंट्या म्हणे सगळेच लावतात ना भो, कॉलेज रोडला संध्याकाळी जाऊन बघ. वकील म्हणाला मी पण तेच म्हणतो, सगळे लावतात म्हणून माझं घर चालतं.

मध्येच काकांनी जुन्या ऑइलचं काढलं, घरी बदलता ते ठीक पण काढलेलं ऑइल कुठे ओतता? गटारीत गेलं की नासर्डी नदीत, नासर्डीतून गोदेत, आणि वर सिंहस्थाच्या गप्पा. डब्यात परत भरून जुनं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला द्यायचं. पिंट्या मान हलवत होता, म्हणजे ऐकत नव्हता.

शेवटी वकिलाने मोबाईलचा टॉर्च लावून त्याचा मागचा टायर बघितला. बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. २२१८. म्हणजे २०१८ चा बाविसावा आठवडा.

"नक्षीच्या गोट्या आहेत ना अजून," पिंट्या म्हणाला.

"गोट्या आहेत, पण रबर बघ," वकिलाने नख रुतवायचा प्रयत्न केला, नख वाकलं, टायर नाही. बाजूला बारीक भेगा. जाड नको, पातळ नको, कंपनीच्या साईजचाच नवीन घे, सायलेन्सरचे पैसे तिथे जाऊ दे.

"आणि बसवायचा घरी?" मास्तरने विचारलं.

"पंक्चरवाल्याकडे," तिघं एकदम बोलले.

पिंट्या म्हणाला बघतो, दसऱ्यापर्यंत चालेल बहुतेक. त्यावर परत सुरू झालं, पण तोवर स्टूल उचलले होते.