पाचवा क्लॅम्प

आमच्या आळीतली पाण्याची लाईन काल परत फुटली. गणपतीपासून ही पाचवी वेळ. तोच माणूस आला, तोच खड्डा खणला, सडक्या पाइपावर क्लॅम्प आवळला, वर सायकलची ट्यूब गुंडाळली आणि "दाब आला की बघूया" म्हणून निघून गेला. बघायचं काय त्यात? दोन हात पलीकडे फुटणार!

मी वाकून पाहिलं. जीआय पाइप, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी, नख लावलं तर पापुद्रे हातात. इथला खारा वारा खिडकीचे गज खातो, वर 3000 मिलिमीटर पाऊस, चार महिने तांबड्या चिखलात लोळलेला पाइप टिकणार किती? आणि जातो कुठून, तर गटारातून. शेजारून नाही, आतून! पाणी एक दिवसाआड, तास-दीड तास. ते बंद झालं की दाब जातो आणि ज्या भोकातून पाणी गळत होतं त्याच भोकातून गटार आत ओढलं जातं. म्हणून पहिल्या दोन कळश्या काळपट, वास मारणाऱ्या. आई त्या माडाच्या मुळात ओतते. कावीळ झाली की आम्हालाच उपदेश, पाणी उकळून प्या. सिलिंडर कोण भरून देणार?

बरं, नवे पाइप आलेच नाहीत असंही नाही. एचडीपीईची, म्हणजे प्लास्टिकच्या पाइपाची, काळी भेंडोळी आली, आणि पडली हमरस्त्याला! तिथली बिडाची लाईन फुटल्याचं मला तरी आठवत नाही. पाणीखातं म्हणे, जुनी ती आधी. अहो, नुसतं वय काय बघता? जाड बीड शंभर वर्षंही काढतं, आमच्या जीआयची पंचविशीत चाळण. सारखी फुटते कुठली, गटारातून जाते कुठली, दवाखाना कुठल्या लाईनवर, किती घरं कोरडी पडतात, एवढं लिहून काढलंत तरी नंबर लागतील. तक्रारवही आहे ना! माझ्याच पाच सह्या आहेत तिच्यात. पण ती उघडते फक्त सहावी घ्यायला.

आता आळीत काँक्रीट होतंय. याच पाइपावरून. मार्चअखेर निधी संपवायचाय. म्हटलं, आधी लाईन तरी बदला. तर उत्तर, "ते टेबल वेगळं."

आज पाण्याचा वार. पावणेसात वाजले, नळ नुसती हवा सोडतोय. बाहेर खड्ड्यात मात्र छान झुळझुळ चाललीय.