सड्यावरची वसाहत आणि पायथ्याची विहीर

कोकणातील बहुतेक तालुके केंद्रीय भूजल मंडळाच्या मूल्यांकनात ‘सुरक्षित’ गटात येतात, आणि एखाद्या नव्या कारखान्याचा विषय निघाला की हाच शेरा पुढे केला जातो. परंतु ही वर्गवारी उपशावर ठरते. उपलब्ध भूजलाच्या ७० टक्क्यांपर्यंत उपसा असेल तर तालुका सुरक्षित, १०० टक्क्यांच्या वर गेला तर अतिशोषित. त्या पाण्यात उद्या काय उतरू शकते, हे तिच्यावरून कळत नाही. प्रदूषणाच्या धोक्याचे मूल्यांकन ही निराळी गोष्ट आहे आणि कोकणात ते गावपातळीवर होणे मला अत्यंत निकडीचे वाटते.

अशा मूल्यांकनाची एक सर्वपरिचित पद्धत, ‘ड्रास्टिक’, अमेरिकेत १९८७ साली मांडली गेली. पाण्याची खोली, पुनर्भरण, जलधर (पाणी धरून ठेवणारा) खडक, माती, उतार, जमीन आणि पाणीपातळी यांमधला थर, आणि खडकातून पाणी वाहण्याचा वेग अशा सात बाबींना गुण देऊन कोणत्या जागेतील भूजल सहज दूषित होऊ शकेल याचा नकाशा तयार होतो. तिच्यात खोलीला आणि मधल्या थराला सर्वाधिक, म्हणजे ५ भार आहे. उताराला केवळ १.

आता हे गणित आपल्या सड्यावर, म्हणजे कोकणातल्या सपाट खडकाळ पठारावर, मांडून पाहावे. वर सच्छिद्र, भेगाळलेला जांभा दगड, मातीचा थर कित्येक ठिकाणी वीतभरही नाही, आणि वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, तोही चार महिन्यांत. जांभ्यातून झपाट्याने उतरलेले पाणी खालच्या शेडीच्या चिकण थरावर अडते, आडवे वाहू लागते आणि सड्याच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. वाडीच्या विहिरी नेमक्या तिथेच असतात. मे महिन्यात तळ गाठलेली विहीर जुलैत काठोकाठ भरते, म्हणजे ज्या खोलीला सर्वाधिक भार द्यायचा तीच ऋतूनुसार पार बदलते. म्हणून उन्हाळ्यातील एका मोजणीवर तयार केलेला नकाशा कोकणासाठी दिशाभूल करणारा ठरेल. त्यात वापरात नसलेल्या चिरेखाणींची, म्हणजे बांधकामाचे चिरे काढलेल्या जांभ्याच्या खाणींची, भर आहे. तिथे माती आधीच काढून टाकलेली असते आणि मुरण्याची वाट उघडी पडलेली असते. अशा खाणीत कचरा किंवा गाळ टाकणे म्हणजे तो पायथ्याच्या विहिरीच्या वाटेवर ठेवणे होय.

मात्र भूस्तराची ही नाजूकता म्हणजे अर्धेच मूल्यांकन. वर काय साठवले जाते, किती, आणि खाली कोण ते पाणी पिते, हेही त्यात आले पाहिजे. लोटे-परशुराम, महाड, रोहा, तारापूर येथे रासायनिक उद्योग एकवटले आहेत. वाशिष्ठी, सावित्री, कुंडलिका यांच्या पाण्याबद्दल आपण बोलतो, कारण नदीचा रंग बदललेला दिसतो, मेलेले मासे दिसतात. विहिरीत तसे काही दिसेलच असे नाही. जलजीवन मिशनमध्ये गावागावांत दिलेले तपासणी संच नायट्रेट, क्लोराइड, कठीणपणा यांसाठी उपयोगी आहेत आणि ते हाताळणाऱ्या महिलांचे काम मोलाचे आहे. पण औद्योगिक द्रावके, म्हणजे कारखान्यांत इतर पदार्थ विरघळवण्यासाठी वापरले जाणारे द्रव, त्या संचांत सापडत नाहीत. औद्योगिक वसाहतीत प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या रसायनांची यादी हातात असल्याशिवाय कशाची तपासणी करायची हेच ठरत नाही.

शहरांतील धोका अधिक साधा आणि अधिक दुर्लक्षित आहे. इमारती वाढल्या, भुयारी गटारे आली नाहीत, आणि शोषखड्डे जुन्या घरगुती विहिरींच्या शेजारीच राहिले. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि ई-कोलाय जिवाणू मुळीच असता कामा नयेत. जुलै २०२१ च्या चिपळूणसारख्या पुरात सेप्टिक टाकी आणि विहीर एकाच पाण्याखाली जातात.

माझी मागणी अशी आहे की कोणत्याही वसाहतीच्या विस्ताराला परवानगी देण्यापूर्वी त्या सड्याचा ऑक्टोबरचा आणि मेचा असे दोन स्वतंत्र नकाशे तयार व्हावेत, त्यांवर चिरेखाणी, झरे आणि विहिरी दाखवाव्यात, वसाहतीतील रसायनांची यादी जोडावी, आणि हे सर्व मराठीत ग्रामसभेपुढे ठेवावे. पायथ्याच्या वाड्यांतील विहिरींची पहिली तपासणी कारखाना सुरू होण्याआधी झाली पाहिजे, कारण ती नोंद नसेल तर पुढे पाणी बिघडल्यावर ते आधी चांगले होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या वाडीवरच येऊन पडते.