बागवेड्यांना भेट द्या, पण बेताने

तुमच्या ओळखीत एखादा तरी बागवेडा असणारच. नखांत माती, बोलण्यात मावा आणि पिठ्या ढेकूण असल्या किडी. सणवार जवळ आला की याला द्यावं काय, हा घोर तुम्हाला लागतो. उगाच लागतो. भेट घेणाऱ्याच्या उपयोगी पडावी, हे खूळ एकदा डोक्यातून काढलं की बागवाल्याइतकं सोपं गिऱ्हाईक नाही.

आधी कुंडी घ्या. दुकानात ती उलटी करून पाहा. तळाला भोक असेल तर मुकाट्याने जागच्या जागी ठेवा, भोकाने शोभा जाते. बिनभोकाची, चकचकीत, वर काहीतरी सुविचार छापलेली कुंडी उत्तम. मुळांनाही श्वास घ्यायला हवा लागते, पाणी साचलं की मातीतल्या पोकळ्यांमधली हवा जाते आणि मुळं कुजतात, असं बागवाला सांगू लागेल. त्याला म्हणा, ‘अहो, तळाला खडे घाला की!’ हा सल्ला फार गुणी आहे. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खड्यांत सहजी उतरत नाही, मातीच्या थरातच अडून राहतं. म्हणजे खडे घातल्याने चिखल मुळांपासून लांब जायचा तो उलट वर सरकतो. मुळं कुजली की पानं पिवळी पडतात, आणि पिवळं पान दिसलं की घरातलं कुणी ना कुणी मायेने आणखी पाणी घालतं. म्हणून कुंडीसोबत झारी द्यायला विसरू नका.

रोपच द्यायचं असेल तर ज्याच्या डोक्यावर लालभडक किंवा पिवळा गोळा बसवलाय तो निवडुंग द्या. त्या गोळ्यात हरितद्रव्य जवळजवळ नसतंच, त्यामुळे त्याला स्वतःचं अन्न करता येत नाही. खालच्या हिरव्या निवडुंगावर त्याचं कलम केलेलं असतं आणि तो घरजावयासारखा त्याच्या जिवावर जगतो. अशी जोडी सहसा काही वर्षांपलीकडे टिकत नाही. तोवर तुमची भेट देऊन झालेली असते. त्याहून सरस म्हणजे गोंदाने फुलं चिकटवलेला निवडुंग. ती फुलं कधी कोमेजत नाहीत, कारण चिकटवली तेव्हाच ती वाळलेली होती.

गर्द निळं ऑर्किडही छान दिसतं. दांड्यात रंग टोचलेला असतो, पुढचा बहर पांढरा येतो. तेव्हा ‘तुम्ही नीट निगा राखली नाहीत वाटतं’ असं म्हणायची संधी दवडू नका.

निळ्या गुलाबाचं बी मात्र आवर्जून मागवा. पाकिटावरचं फूल शाईच्या दौतीतून काढल्यासारखं निळंशार असतं. गुलाबाला ते निळं रंगद्रव्य बनवताच येत नाही. जपानच्या सनटोरी कंपनीने वर्षानुवर्षं खपून पॅन्सी या फुलझाडाचं जनुक गुलाबात घातलं आणि २००९ साली ‘निळा’ गुलाब विकायला काढला, तोही जांभळटच. जे प्रयोगशाळेला धड जमलं नाही ते तुमच्या पाकिटातून उगवणार, याचा आनंद काही वेगळाच. उगवेल तेही बहुधा गवतच.

अवजारांत फांद्या छाटायचं सिकेटर घ्या. कात्रीसारखी पाती एकमेकांना घासून जाणारी असेल तर काप स्वच्छ येतो, त्यात काय मजा? एक पातं सपाट पट्टीवर आपटतं तो प्रकार घ्या. वाळक्या काटक्यांना तो ठीक, पण कोवळी हिरवी फांदी अशी चेचतो की बागवाल्याला रोज तुमची आठवण व्हावी. मूठ सोनेरी असली म्हणजे झालं. हातमोजे घ्याल तर पांढरेशुभ्र घ्या.

आणि ज्याच्यावर खरंच डूख धरून आहात, त्याला पुदिन्याचं लहानसं रोप द्या. ‘वाफ्यातच लावा हं, कुंडीत बिचारा कोंडतो,’ एवढंच प्रेमाने सांगा. बाकीचं काम पुदिना जमिनीखालून वाफाभर पसरत स्वतःच करतो.

काही गावंढळ लोक बागवाल्याकडे नीट मुरलेल्या कंपोस्टचं पोतं घेऊन जातात. ना रंगीत कागद, ना रिबीन. तो पोत्याचं तोंड सोडतो, मूठभर खत नाकाशी धरतो आणि पाहुण्यांना चहा विचारायचंही विसरतो. काहीजण तर भेट म्हणून सकाळभर तण उपटून देतात. असल्यांच्या नादी लागू नका, त्यांचा फोटोही चांगला येत नाही.

भेट दिल्यावर महिन्याभराने एक फेरी मारा. आपली कुंडी दर्शनी भागात आहे ना, हे पाहा. निघताना त्याच्या सगळ्यात लाडक्या झाडाची फांदी न विचारता मोडून घ्या, नेमकी कळी धरलेली. घरी जाऊन ती बिनभोकाच्या कुंडीत खोचा. नाही जगली तर त्याला फोन करून काळजीने विचारा, ‘तुमच्या झाडाला काही रोग तर नाही ना?’