जपानी बायकांना हक्क मॅकआर्थरने बहाल केले?

‘1945 पर्यंत जपानी बाई उंबऱ्याच्या आत होती. युद्ध हरल्यावर मॅकआर्थरने तिला शिक्षण, नोकरी आणि मत दिलं,’ असा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. (मॅकआर्थर म्हणजे युद्धानंतर जपानचा ताबा घेणाऱ्या फौजांचा अमेरिकन सेनापती.) हे त्या बायकांवर अन्याय करणारं आहे, म्हणून एकेक मुद्दा घेते.

शिक्षण: तोक्योत महिला विद्यापीठ 1901 मध्येच निघालं होतं. त्याची माहितीपुस्तिका हाती पडल्यावर आपल्या धोंडो केशव कर्व्यांच्या विद्यापीठाच्या कल्पनेला आकार आला. 1913 मध्ये तोहोकु इम्पीरियल विद्यापीठाने तीन मुलींना प्रवेशही दिला.

नोकरीचं विधान तर धडधडीत खोटं आहे. जपानी सूत आणि रेशीम जगाच्या बाजारात गेलं ते खेड्यापाड्यांतल्या मुलींच्या जिवावर. बापाने कंपनीकडून आगाऊ रक्कम उचललेली, मुलगी कंपनीच्याच वसतिगृहात, फाटकाबाहेर पाऊल टाकायचं तर परवानगी हवी. 1927 मध्ये तोक्योतल्या कामेइदो भागात, तोयो मस्लिन गिरणीतल्या मुली याविरुद्ध लढल्या आणि मोकळेपणी बाहेर जाण्याचा हक्क त्यांनी मिळवला. बायकांची रात्रपाळी 1929 मध्ये कायद्याने बंद झाली. तोक्योच्या बसमध्ये तर 1920 पासून मुली तिकिटं फाडत होत्या.

आता मत. 1900 च्या पोलीस कायद्याने बायकांना राजकीय सभेत नुसतं बसायलाही बंदी होती. हिरात्सुका राइचो, इचिकावा फुसाए आणि ओकु मुमेओ यांनी संघटना बांधून ती बंदी 1922 मध्ये उठवायला लावली. पक्षात जायला मनाई मात्र कायम राहिली. 1925 मध्ये पंचविशीपुढच्या पुरुषांना सरसकट मत मिळालं, बायकांना नाही. 1931 मध्ये स्थानिक निवडणुकांपुरत्या मर्यादित हक्काचं विधेयक कनिष्ठ सभागृहात मंजूर झालं. ते पाडलं सरदार-उमरावांच्या वरिष्ठ सभागृहाने.

एक मान्य करायलाच हवं: 1898 च्या नागरी कायद्याने बायकोला मालमत्तेच्या व्यवहारातही नवऱ्याच्या संमतीला बांधलं होतं, आणि ती चौकट मोडली युद्धानंतरच. युद्धकाळात इचिकावांसारख्या नेत्यांनी सरकारला साथ दिली, हेही लपवू नये. पण तारखा बघा. शरणागतीची घोषणा 15 ऑगस्ट 1945 ला झाली. 25 ऑगस्टला इचिकावांनी सहकारी बायकांची समिती उभी केली, आणि मताधिकाराची मागणी पुन्हा पुढे आली. मॅकआर्थर जपानमध्ये उतरला 30 ऑगस्टला.