अवकाश थंड आहे म्हणून यान आपोआप थंड राहत नाही

"अवकाशाचं तापमान उणे २७० अंश. तिथे यंत्रं थंड ठेवायला काहीच लागत नाही. हीट पाइप म्हणजे तांब्याच्या दांडीला दिलेलं भारदस्त नाव. गुरुत्वाकर्षण नसताना नळीतला द्रव परत येणार कसा? आणि ती नळी इतकी गुणी असती तर अंतराळ स्थानकावर पंप कशाला बसवले असते? डेटा सेंटरं कक्षेत नेली की कूलिंग फुकट." अशा आशयाचा मजकूर सध्या खूप फिरतो आहे. (हीट पाइप म्हणजे यंत्रातली उष्णता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेणारी बंद नळी.) त्यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्यामागे एक खरी गोष्ट आहे, म्हणूनच तो पटतो. आणि म्हणूनच त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

उणे २७० हा आकडा खरा आहे, पण तो विश्वभर पसरलेल्या पार्श्वभूमी प्रारणाचा आहे. यानाला टेकून ती थंडी बसलेली नसते, कारण टेकायला तिथे काही नाहीच. थर्मासच्या दोन भिंतींमधली निर्वात जागा आतली उष्णता अडवून धरते. यानाभोवती सगळीकडे तीच निर्वात जागा आहे. वहन नाही, अभिसरण नाही. उरतं फक्त प्रारण, म्हणजे उष्णतेचं किरणांच्या रूपात बाहेर पडणं, आणि ते फार सावकाश काम करतं. २७ अंशांवरचा आदर्श काळा पृष्ठभाग चौरस मीटरमागे सुमारे ४६० वॅट बाहेर टाकतो. तोच चौरस मीटर पृथ्वीजवळ सूर्यासमोर धरला, तर त्यावर १३६० वॅट येऊन पडतात. उपग्रहाची एक बाजू भाजत असते, दुसरी गोठत असते, आणि मधल्या बॅटऱ्यांना यातलं काहीच चालत नाही.

म्हणजे खरा प्रश्न वाटेचा आहे. उष्णता तयार होते एखाद्या छोट्या ॲम्प्लिफायरमध्ये, आणि ती बाहेर टाकायची असते काही चौरस मीटरच्या रेडिएटरवरून, म्हणजे प्रारणाने उष्णता फेकणाऱ्या पत्र्यावरून. प्रारण तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतं: ६० अंशांवरचा पत्रा २७ अंशांवरच्या पत्र्याच्या दीडपट उष्णता फेकतो. त्यामुळे उष्णता एका कोपऱ्यातच साचून राहिली, तर बाकीचा रेडिएटर म्हणजे नुसतं वाहून नेलेलं वजन.

ते काम तांब्याच्या दांडीने होईल का? हिशेब करू. १०० वॅट उष्णता १ मीटर लांब न्यायची आहे आणि दोन टोकांच्या तापमानात ५ अंशांहून जास्त फरक नको आहे. तांब्याची वाहकता धरली तर दांडीचा छेद ५०० चौरस सेंटीमीटर लागतो. वजन भरतं सुमारे ४५० किलो! एवढंच काम बोटभर जाडीची ॲल्युमिनियमची हीट पाइप करते, आणि तिचं वजन एक किलोही नसतं.

ही नळी दोन्ही टोकांना बंद असते. आतली हवा पूर्ण काढून थोडा अमोनिया भरलेला असतो आणि आतल्या भिंतीवर लांबीभर बारीक खाचा असतात. गरम टोकाला अमोनियाची वाफ होते, ती थंड टोकाकडे धावते, तिथे पुन्हा द्रव होते आणि सोबत आणलेली उष्णता सोडते. साधारण २५ अंशांना १ ग्रॅम अमोनियाची वाफ व्हायला सुमारे ११६० ज्यूल लागतात. म्हणजे १०० वॅट नेण्यासाठी सेकंदाला एक दशांश ग्रॅमही अमोनिया फिरावा लागत नाही. नळीभर द्रव आणि वाफ समतोलात असल्याने दोन्ही टोकांचं तापमान जवळजवळ सारखं राहतं. उपग्रहांतल्या अशा नळ्यांत तांबं मुद्दाम टाळलेलं असतं, कारण अमोनिया आणि तांब्याचं जमत नाही. तांबं आणि पाणी ही जोडी लॅपटॉपमधल्या नळ्यांची.

गुरुत्वाकर्षणाचा मुद्दा मात्र रास्त आहे, आणि एकेकाळी हा प्रश्न अभियंत्यांनाही पडला होता. जनरल मोटर्सच्या रिचर्ड गॉगलरने १९४२ मध्ये अशा उपकरणाच्या पेटंटसाठी अर्ज केला, पण कल्पना तशीच पडून राहिली. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या लॉस ॲलामॉस प्रयोगशाळेच्या जॉर्ज ग्रोव्हरने ती स्वतंत्रपणे पुन्हा शोधली. वजनरहित अवस्थेत ती चालते का, हे पाहायला १९६७ मध्ये पाण्याची एक हीट पाइप कक्षेत पाठवली गेली. ती चालली. पुढच्याच वर्षी जिऑस-बी उपग्रहात वेगवेगळ्या भागांचं तापमान सारखं ठेवण्यासाठी हीट पाइप वापरल्या गेल्या.

द्रव परत येतो तो केशाकर्षणाने, म्हणजे अरुंद जागेत द्रव आपोआप ओढला जातो त्या गुणाने. गरम टोकाला द्रव उडून गेला की खाचेतला त्याचा पृष्ठभाग आत खचतो आणि जास्त वक्र होतो. तिथला दाब घटतो आणि पृष्ठताण दुसऱ्या टोकाकडचा द्रव ओढून आणतो. यात गुरुत्वाकर्षणाची मदत कुठेच नाही; उलट ते आडवं येतं. जमिनीवर चाचणी घेताना या नळ्या मिलिमीटरच्या हिशेबाने समतल ठेवाव्या लागतात. गरम टोक काही सेंटीमीटर वर गेलं तर खाचा द्रव चढवू शकत नाहीत आणि ते टोक कोरडं पडतं. कक्षेत ही अडचणच नाहीशी होते.

राहिले पंप. अंतराळ स्थानकाला विखुरलेल्या मॉड्यूलमधून दहा-दहा किलोवॅटच्या पटींत उष्णता गोळा करून दूरवरच्या रेडिएटरपर्यंत न्यावी लागते. खाचांचा केशिक दाब तेवढ्याला पुरत नाही, म्हणून तिथे पंपाने अमोनिया फिरवतात. पण पंपाची किंमतही तिथेच दिसली: जुलै २०१० मध्ये एक पंप बंद पडला, निम्मी शीतन व्यवस्था गेली आणि तो बदलायला तीन स्पेसवॉक करावे लागले. भूस्थिर उपग्रहावर, ३६,००० किलोमीटरवर, पंप बदलायला कोण जाणार? हलता भाग नसलेली नळी तिथे वर्षानुवर्षे विजेशिवाय काम करते. जास्त अंतरासाठी लूप हीट पाइप आहेत; त्यांत वाफेची आणि द्रवाची वाट वेगवेगळी असते. सोव्हिएत संघात १९७० च्या दशकात त्या विकसित झाल्या आणि १९८९ मध्ये प्रथम यानावर गेल्या.

आणि फुकट कूलिंग? हीट पाइप उष्णता नाहीशी करत नाही, फक्त पोचवते. १ मेगावॅटचं डेटा सेंटर घ्या. दोन्ही बाजूंनी प्रारण करणारा चांगला रेडिएटर २७ अंशांवर ठेवला तर त्याचा पत्रा सुमारे १,३०० चौरस मीटरचा लागेल. ६० अंशांवर चालवला तर साडेआठशेच्या आसपास, पण मग चिप त्याहून गरम ठेवाव्या लागतील. सूर्याकडून आणि पृथ्वीकडून रेडिएटरवर पडणारी उष्णता या आकड्यांत अजून धरलेलीच नाही.